पोट किती वेळ तग धरतं

माझ्या पोटावर नाभीच्या वर चार बोटांपासून खाली नाडीच्या गाठीपर्यंत एक उभा व्रण आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला सात महिने लागले. मी बोलणारी मुलगी नाही, आणि स्वतःच्या पोटाबद्दल तर मुळीच नाही.

तरी लिहिते आहे, कारण पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर एक दिवस असा येतो की सगळे म्हणतात, 'बरी झालीस', आणि आपल्याला मात्र ते कुणाचंच खरं वाटत नाही. त्या दिवसांत मी सगळ्यांवर संशय घेतला. त्यातला थोडा बरोबर निघाला. बराचसा चुकला, आणि ती चूक माझ्याच कुर्त्याखाली होती.

*

दुखायला लागलं तेव्हा मी घरी सांगितलं नाही. आईनं माझा चेहरा बघून विचारलं, "पाळी आली का?" मी हो म्हटलं. हो म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात, हे मला शाळेपासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुखणं अचानक थांबलं. मला वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात ताप होता आणि सरळ उभं राहता येत नव्हतं. बाबा वाळूजला कंपनीत गेले होते. आईनं मला रिक्षात घातलं आणि गल्लीतल्या गतिरोधकागणिक ती रिक्षावाल्यावर ओरडत राहिली, "हळू, भाऊ, हळू! पोरगी हाय, पोतं नाय!"

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडून जरासा वळवून घेतला. मग ते बाहेर जाऊन आईशी बोलले. दाराला काच होती. आईचा हात आधी पदराकडे गेला, मग तोंडाकडे. आत आली तेव्हा ती हसत होती. मी तिला म्हटलं, "हसू नकोस. काय ते सांग."

सांगितलं सर्जननी. अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. दुर्बिणीनं होणार नव्हतं, पोट उघडावं लागणार होतं. मग त्यांनी विचारलं, "दोन दिवस काय करत होतीस?"

मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. एका बुटाची लेस सुटलेली होती. ती त्यांना सांगावी की नाही, याचा मी विचार करत होते.

*

हॉस्पिटलचे नऊ दिवस मला आवाजांत आठवतात. पहाटे बादलीचा, मग चहाच्या किटलीचा, मग वॉर्डच्या दारातूनच विचारणाऱ्या सिस्टरचा: "जुई, गॅस गेला का?"

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी पुन्हा कामाला लागली की नाही, हे त्यावरून कळतं. तोपर्यंत पाणीसुद्धा मिळत नाही. मला हे समजत होतं. पण वॉर्डात अकरा खाटा होत्या, प्रत्येक खाटेजवळ नातेवाईक होते, आणि ते सगळे माझ्या उत्तराची वाट बघायचे. मी मान हलवायची. चौथ्या दिवशी मान वेगळ्या दिशेनं हलली. आईनं तिथूनच कन्नडला मामाला फोन लावला, "गेला रे, गेला! देव पावला!" समोरच्या खाटेवरच्या आजींनी मला हात जोडले.

फाईल आई उशीखाली ठेवायची. मला इंग्रजी वाचता येतं, म्हणूनच ती मला देत नव्हती. "वाचशील आन् मग मोबाईलमधी शोधत बसशील," ती म्हणायची. मला वाटायचं, तीत असं काही आहे जे फक्त मला सांगायचं नाहीये.

घरी आल्यावर बाबा माझ्याशी फार जपून बोलायला लागले. आई आणि ते स्वयंपाकघरात बोलत असले आणि मी आले, की विषय भाजीवर यायचा. रोज भाजीवर कोण एवढं बोलतं?

सर्जननी सहा आठवड्यांसाठी पट्टा दिला होता, वेल्क्रोचा. तो टोचायचा. आईनं तो कपाटात ठेवला आणि स्वतःची जुनी सुती साडी उभी फाडली. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात, तसं ती रोज अंघोळीनंतर माझं पोट बांधायची. वीतभर रुंद पट्टी, तीन वेढे, डाव्या कुशीला गाठ. "श्वास सोड," ती म्हणायची, आणि ओढायची. पट्टी इतकी मऊ होती की तासाभरात अंगावर काही आहे हेच विसरायला व्हायचं. सहा आठवडे संपले. गाठ बांधणं संपलं नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. वेणी घालते, तसं पोट बांधते.

*

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मी फोटो काढते. माणसांचे नाही, भिंतींचे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांची नोंद करण्याच्या एका कामासाठी आजारपणाच्या आधी माझी निवड झाली होती. नऊ महिने फर्दापूरला राहायचं, परांचीवर चढायचं आणि भिंतीचा हात हात तुकडा टिपायचा. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही असं दुसरं काम मला माहीत नव्हतं.

कामाच्या प्रमुख बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "जागा मी पुढच्या महिनाअखेरपर्यंत धरते. पण परांचीवरून कुणी पोट धरून खाली आलेलं मला चालणार नाही. फिटनेसचं पत्र आण."

मी सर्जनकडे गेले. त्यांनी व्रण बघितला, मला खोकायला लावलं आणि म्हणाले, "टाके भरलेत. पण पोटाचे स्नायू किती वेळ ताण धरतात ते मी नुसतं बघून सांगू शकत नाही. ते मोजून घ्यावं लागतं. फिजिओ सांगतील, तसं मी लिहीन."

आईनं घाईघाईनं विचारलं, "पण डॉक्टर, हर्निया?"

"होऊ शकतो. म्हणूनच मोजायचं."

रिक्षात आई म्हणाली, "ते लेण्यांचं काम पुढल्या वर्षीबी असंलच की."

नसणार होतं. तिला ते माहीत होतं.

*

फिजिओथेरपिस्ट शाहीन मॅडम पन्नाशीच्या होत्या, बुटक्या, आणि त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच होतं. खोलीत रेक्झिनची खाट होती आणि एक लाकडी त्रिकोणी ठोकळा.

पहिल्या दिवशी त्यांनी कुर्ता वर करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "ठीक है. आज वरूनच. पण ये बात अधुरी रहेगी, बेटा."

पद्धत अशी. पाठ ठोकळ्याला टेकून, गुडघे दुमडून बसायचं. हात छातीवर फुली करून. मॅडम पावलं धरतात. मग मदतनीस बाई ठोकळा वीतभर मागे ओढतात, आणि पाठ होती तिथंच, हवेत, धरून ठेवायची. पाठ वाकली किंवा मागे गेली की वेळ संपली. दुखलं, चक्कर आली, व्रणाजवळ काही फुगलं, तर त्याआधीच संपली. जेवून दोन तास झालेले हवेत. प्रत्येक वेळी तोच ठोकळा, तीच वेळ, आधी एकदा सराव आणि मग विश्रांती.

"आणि बोलत राहायचं," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"काहीही. माणूस श्वास कोंडून पोट दगडासारखं करतो. मग वेळ खोटी येते आणि टाक्यावर जोर पडतो. बोलणारा श्वास कोंडू शकत नाही."

माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नव्हती. मला काही सुचेना. शेवटी मी अजिंठ्याच्या रस्त्यावरची गावं म्हणायला लागले. "फुलंब्री... आळंद... सिल्लोड..." गोळेगावच्या आधी पाठ थरथरायला लागली आणि मागे गेली.

त्यांनी स्टॉपवॉच मला दाखवलं नाही. वहीत लिहिलं. "किती?" मी विचारलं.

"शेवटी सांगेन. आकडा कळला की माणूस आकड्यासाठी तग धरतो."

मला ते पटलं नाही. ज्याला लपवायचंय तोच असं बोलतो, असं वाटलं. निघताना मी वही उलटी वाचली. एकोणीस सेकंद.

पुढच्या आठवड्यात बावीस. आणि त्याच दिवशी मी कपडे बदलून बाहेर आले, तर आई मॅडमपुढे हात जोडून उभी होती आणि मॅडम मान हलवत होत्या. मला बघून दोघी थांबल्या.

"काय बोलत होतीस?" मी रिक्षात विचारलं.

"पुढली वेळ विचारत होते."

पुढची वेळ लिहिलेलं कार्ड तिच्या हातातच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकवीस. मी रोज त्यांनी दिलेले व्यायाम करत होते, चालत होते, जिना चढत होते, आणि आकडा मागे गेला होता. महिना संपायला पंचवीस दिवस होते. माझ्यासाठी हिशोब उघड होता. आईनं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. घड्याळ त्यांचं, वही त्यांची, पाय त्यांच्या हातात.

*

मग मी पुरावा तयार केला.

आई भाजी आणायला गेली होती. मी दिवाणावर लोड उभा केला, त्याच्यावर उशी ठेवली, मोबाईल तिवईवर लावला, बाजूनं, सगळं दिसेल असा. पावलं खिडकीच्या गजाखाली अडकवली. पाठ टेकली, मग लोड एका हातानं मागे ढकलला. चौसष्ट सेकंद. मी दोनदा मोजले. चौसष्ट.

पोटात डावीकडे काहीतरी ओढल्यासारखं झालं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये मी मॅडमच्या टेबलावर मोबाईल ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी भांडायला गेले होते, आणि वाक्य मी इंग्रजीत पाठ करून आले होते. तोंडातून मराठीच आलं. "तुम्ही मला एकवीस लिहिलंय. हे बघा. तुम्ही आईचं ऐकून कमी लिहिताय."

बाहेरच्या बाकावर आई होती. दार उघडंच होतं.

मॅडमनी चष्मा लावला आणि व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा मध्येच थांबवला.

"फोटो तू काढतेस ना? मग बघ. पाठ कुठं आहे?"

लोड नीट मागे गेलाच नव्हता. उशीचा कोपरा माझ्या खांद्याला लागलेला होता.

"बरं. कोन? इथं तू टेकून बसतेस, तिथं जवळजवळ ताठ बसलीस. ओठ बघ. मिटलेले. एक शब्द नाही." त्यांनी बोट स्क्रीनवर खाली आणलं. "आणि हे काय?"

डाव्या कुशीला कुर्त्याखाली एक उंचवटा होता. लिंबाएवढा.

गाठ.

मी दर वेळी क्लिनिकमध्ये येऊन आधी कपडे बदलायच्या खोलीत ती पट्टी सोडून पिशवीत टाकायची. कुणी बघितली तर लाज वाटेल म्हणून. घरी मात्र ती सोडायचं मला सुचलंही नव्हतं. चौसष्टमधले निम्मे सेकंद आईच्या साडीचे होते.

"कधीपासून बांधतेस?"

"ऑपरेशनपासून."

"चार महिने?" मॅडमचा आवाज चढला. "सहा हफ्ते बोले थे ना? अगं, दिवसभर कपडा पोटाचं काम करतोय, मग पोट कशाला करेल? मी इथं डोकं फोडतेय की पोरगी मेहनत करते आणि आकडा का हलत नाही! आणि एकटीनं केलंस? कुठं दुखलं?"

मी मोबाईल उचलून पिशवीत टाकला.

"जुई. कुठं दुखलं?"

"डावीकडे. ओढल्यासारखं."

"दाखव."

खोलीत फक्त त्या आणि मी होतो. दार त्यांनी लोटून घेतलं होतं. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं आणि कुर्ता वर केला. पट्टीचे वळ अजून कातडीवर होते, दोऱ्याची वीणसुद्धा दिसत होती. मॅडमचे हात थंड होते. त्यांनी मला मान थोडी उचलायला सांगितलं आणि व्रणाच्या कडेनं बोटं हळूहळू फिरवली.

"हे बघ. स्वतः हात लाव."

मी लावला. पहिल्यांदाच. मान जास्त उचलली की व्रणाच्या मधोमध एक बारीक कड वर यायची. मान खाली ठेवली की जायची.

"हर्निया?" मी विचारलं.

"नाही. फाटलेलं काही नाही, नशीब तुझं. कमजोर आहे. पण ही कड दिसली की थांबायचं, मग घड्याळात काही का असेना. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं." त्यांनी माझा कुर्ता स्वतःच्या हातानं खाली केला. "तू दाखवलं नाहीस. मीही जोर दिला नाही. दोघींची चूक."

आकडा त्यांनी खोटा लिहिला नव्हता. वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. एकोणीस, बावीस, एकवीस. एकवीसच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं.

*

रिक्षात मी आईची माफी मागायचा विचार करत होते, तेवढ्यात तीच बोलली. बाहेर बघत.

"मी म्हणले होते त्यांना."

"काय?"

"की पोरीला अजून काही दिवस थांबवा. महिना निघून जाऊ द्या. जागा गेली की आपोआप घरी राहील." तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. "नाय म्हणाल्या. म्हणल्या, मी पोटाचं खोटं लिहीत नाय, ना कमी, ना जास्त."

म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. फक्त ज्या माणसावर घेतला तो चुकीचा होता. मला राग यायला हवा होता, आणि आलाही.

क्रांती चौकात मी विचारलं, "आणि पट्टी? तीही त्यासाठीच?"

तिनं झटकन माझ्याकडे बघितलं. "येडी का तू? पट्टी तर तुझं पोट सुटू नये म्हणून! दोन दिवस तू दुखणं अंगावर काढलं, मी शेजारच्या खोलीत होते. मला काय कळलं? काय नाय. आता निदान हाताला लागतंय का नाय, रोज बघत होते."

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर ती पट्टी घेऊन उभी राहिली. सवयीनं. मी म्हटलं, "आई, नको." तिनं ती दोनदा घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली, आणि तारेवर वाळत घातली. ती ओली नव्हती.

पहिले दोन दिवस मला पोट उघड्यावर पडल्यासारखं वाटत होतं. शिंक आली की दोन्ही हात तिथं जायचे. मग हळूहळू कमी झालं. व्यायाम मॅडमनी नव्याने लावून दिले. कुर्ता वर करून, आरशासमोर, कड येते का बघत.

*

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा शेवटची चाचणी झाली. मदतनीस बाई रजेवर होत्या. ठोकळा मॅडमना ओढावा लागणार होता, पायांना कुणी नव्हतं. मॅडमनी दार उघडलं. "ताई, आत या. पाय धरा."

आई चप्पल बाहेर काढून आत आली. मी तिच्याकडे बघितलं. जी बाई मला थांबवायला हात जोडत होती, तिच्याच हातात पाय द्यायचे. तिनं जरा ढिलं सोडलं तरी मी मागे जाणार होते आणि आकडा पडणार होता. हे तिलाही कळत होतं, असं मला वाटलं. मॅडमनी माझा कुर्ता पोटावरून वर दुमडला आणि ठोकळा मागे घेतला.

"बोल."

"फुलंब्री," मी म्हटलं. "आळंद."

"हे काय?" आईनं विचारलं.

"बोलावं लागतं."

"मग नीट बोल की. गावं काय म्हणतीस, कंडक्टर हाय का?" तिची पकड घट्ट होती. "तिथं राहणार कुठं?"

"फर्दापूरला. खोली आहे. अजून दोघी आहेत."

"कुठल्या?"

"एक जळगावची. एक नाशिकची."

"जेवायला?"

"डबा येतो."

"कुणाचा? तिखट किती घालतात ते विचारलं का?"

"आई, मी डब्याचं तिखट कसं विचारणार?"

"तोंडानं! दुखलं तर सांगशील का?"

पोट थरथरायला लागलं होतं. मी खाली बघितलं. व्रण सपाट होता.

"सांगेन."

"कधी? दोन दिवसांनी?"

"लगेच."

"मला का त्यांना?"

"तुला," मी म्हटलं, आणि तेवढ्यात मला व्रणाच्या मधोमध ती बारीक कड वर येताना दिसली. मॅडमनी तोंड उघडायच्या आधी मीच म्हटलं, "थांबा. आली." ठोकळा पाठीला लागला.

मॅडमनी या वेळी स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं. एकोणचाळीस.

"चौसष्ट नाहीत," मी म्हटलं.

"पण सगळे तुझे आहेत," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहायला बसल्या. परांची चढायला हरकत नाही. दिव्यांचे स्टँड उचलायचे नाहीत. पोट बांधायचं नाही. महिन्यानं पुन्हा मोजणे. सर्जननी त्यावरून पत्र दिलं.

लिहून झालं, मॅडमनी सही केली, तरी माझी पावलं खाटेवर तशीच होती.

"आई," मी म्हटलं, "संपली चाचणी."

"व्हय, कळलं," ती म्हणाली. तिनं आधी एक पाय सोडला. दुसऱ्या पायाच्या बोटांवरून हात फिरवला, आणि मग तोही.

*

हे मी फर्दापूरच्या खोलीत लिहिते आहे. मोजायला मी महिन्यातून एकदा शहरात येते. आता कुर्ता मीच आधी वर करते, न सांगता. अजून पंख्याकडेच बघते, पण करते.

डब्यात तिखट फार असतं. हे मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं.